सत्राची बाकी

धुतलेली खापरं उन्हात पसरली की त्यांचे रंग सावकाश खरे होत जातात. ओली असताना सगळी सारखीच, विटकरी-काळसर. मग पाणी उडतं आणि एखादं लालभडक निघतं, एखाद्यावर काळ्या रंगाची आडवी रेघ वर येते, एखाद्याच्या तुटलेल्या कडेत भाजताना कच्चा राहिलेला राखी पट्टा दिसायला लागतो. सत्र संपलं, परीक्षा झाली, वसतिगृहातली निम्मी मंडळी गावी गेली, तरी मी येरवड्यातच राहिले, ते या कामासाठी. डेक्कन कॉलेजच्या आवारातली जुनी झाडं इतकी दाट आहेत की थंडीत ऊन जमिनीवर पोचेपर्यंत निम्मी सकाळ सरते. तोवर पाण्याचं घमेलं, मऊ ब्रश आणि सरावाला दिलेल्या खापरांची पिशवी घेऊन बसायचं. रंगकाम असलेल्या खापरावर ब्रश दाबून चालवायचा नाही, बोटाच्या पेराने माती सोडवायची. हे शिकवायला सर आले तेव्हा माझा हात आधीपासूनच तसा चालत होता. ते दोन क्षण बघत उभे राहिले आणि पुढे गेले. या सत्रात मला मिळालेली सगळ्यात मोठी शाबासकी ती.

निकाल लागला त्या संध्याकाळी अण्णांचा फोन आला. "किती पडले?" मी म्हटलं, "पास झाले." "ते झालंच गं. किती पडले?" आमच्याकडे शेतात कांदा किती निघाला हे ज्या सुरात विचारतात त्याच सुरात. मी आकडा सांगितला. ते गप्प राहिले आणि मग जेवणाचं विचारलं. त्यांना मी पूर्ण गुणपत्रिका वाचून दाखवली नाही, कारण ती ऐकून कळण्यासारखी नव्हती. रेखाटन, प्रात्यक्षिक, मृद्भांडी ओळखणं यांत मी वर्गात वरच्या रांगेत. तोंडी परीक्षेत बरी. आणि लेखी पेपरांत, विशेषतः पुरातत्त्वाच्या सिद्धान्ताच्या पेपरात, जेमतेम काठावर. दोन वेगळ्या मुलींचे गुण एका कागदावर छापावेत तशी ती गुणपत्रिका आहे. गेले काही दिवस मी त्या दोघींकडे आळीपाळीने बघते आहे.

सिद्धान्ताच्या पेपरात काय होतं ते मला नीट माहीत आहे. प्रश्न येतो लुइस बिनफर्डवर. १९६२ साली त्याने मांडलं की पुरातत्त्वाने वस्तूंची यादी करून थांबू नये, माणसांचं जगणं असं का बदललं याचं उत्तर शोधावं. हे मला पटतं, आवडतंसुद्धा. माझ्या मनात लगेच आमच्या घोड नदीचं पात्र उभं राहतं, आटलेलं पाणी, स्थलांतर करणारी कुटुंबं. पण हे सगळं मनात मराठीत उभं राहतं, तेही आमच्या गावाकडच्या मराठीत, आणि उत्तरपत्रिकेवर ते इंग्रजीत उतरायचं असतं. मी एक वाक्य लिहिते, खोडते, दुसरं लिहिते. शेजारच्या बाकावरची मैत्रीण पुरवणी मागते. तिचं अक्षर घाईचं, पण तिचं वाक्य सुटत नाही. एकातून दुसरं निघतं आणि शेवटी ती कुठेतरी पोचलेली असते. मी बरोबर जागी उभी असते आणि तिथेच उभी राहते. घंटा होते तेव्हा मला जे म्हणायचं होतं ते नुकतं तोंडाशी आलेलं असतं.

खापराशी मात्र माझं असं होत नाही. मडक्याच्या काठाचा तुकडा हातात आला की आधी तो पालथा करून सपाट काचेवर ठेवायचा. काठ काचेला सगळीकडून टेकला पाहिजे, खालून उजेडाची फट दिसता कामा नये. तो तसा टेकला की मडकं मूळचं कोणत्या कोनात उभं होतं ते समजतं. मग एकात एक वर्तुळं काढलेल्या तक्त्यावर तो काठ सरकवत न्यायचा. ज्या वर्तुळाशी त्याची वाटोळाई जुळेल तो तोंडाचा व्यास. जाडी कॅलिपरने मोजायची, दर अर्ध्या सेंटिमीटरला. कागदावर मधोमध उभी रेघ. तिच्या एका बाजूला भांडं चिरल्यासारखा छेद, काळ्या शाईने भरलेला. दुसऱ्या बाजूला बाहेरून दिसणारं रूप, चाकावर उमटलेल्या रेघांसकट. तळहाताएवढ्या तुकड्यातून अख्खं भांडं कागदावर उभं राहतं. काळा छेद भरताना कुंभाराचं बोट कुठे दाबलं गेलं, कुठे त्याने काठ बाहेर वळवला, ते हाताला जाणवतं. त्या वेळी घड्याळ नावाची वस्तू माझ्या जगात नसते.

हे कुठून आलं असेल? आजी आठवडे बाजारात माठ घ्यायला जायची तेव्हा मला बरोबर न्यायची. रांगेतल्या एकेका माठाला टिचकी मारायची आणि कान लावायची. बद्द वाजला की बाजूला. खणखणीत वाजला की आत हात घालून भिंत चाचपायची, मगच भावाची बात. तिने मला यातलं काहीच शिकवलं नाही, फक्त शेजारी उभं राहू दिलं. पुढे वर्गात जोर्वे पद्धतीचं खापर पहिल्यांदा हातात आलं. संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावी १९५०-५१ साली उत्खनन झालं आणि त्या गावावरून ताम्रपाषाणयुगातल्या एका अख्ख्या संस्कृतीला नाव मिळालं. लाल, पातळ, काळ्या नक्षीचं आणि उत्तम भाजलेलं ते खापर. मी नकळत टिचकी मारली. तीन हजार वर्षांपूर्वीचा तुकडा खणकन वाजला. सगळ्यांनी वळून पाहिलं. सरांनी तोच धागा पकडून भाजणीच्या तपमानावर उरलेला तास घेतला.

आमच्या गावाबाहेरही एक पांढर आहे. पांढऱ्या मातीचं टेकाड म्हणजे कधीकाळची वस्ती, हे आता मी पुस्तकात वाचते. लहानपणी ती फक्त घर सारवायची माती आणायची जागा होती. मातीबरोबर खापरं यायची, ती आम्ही ठिकऱ्यांच्या खेळाला घ्यायचो. जे जमतं ते मी कमावलंय असं छातीठोकपणे मला म्हणता येत नाही. बरंचसं घरून आलंय. आणि जे जमत नाही तेही बरंचसं घरून आलंय. आमच्या घरात लांबलचक बोलणारं, मुद्दा धरून शेवटपर्यंत नेणारं कुणीच नव्हतं. वस्तू दाखवायची आणि गप्प बसायचं, ही आमची रीत.

लेखी पेपरात कमी पडलेल्या मुलांना या आवारात एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते. लोकमान्य टिळक १८७३ साली डेक्कन कॉलेजात आले आणि पहिलं वर्ष त्यांनी तब्येत कमावण्यात घालवलं. व्यायाम, कुस्ती, पोहणं. अभ्यास मागे पडला, वर्ष गेलं. आणि तरी बघा पुढे काय झालं. वसतिगृहातली त्यांची खोली अजून जपून ठेवली आहे, ती दाखवत ही गोष्ट सांगितली जाते. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण मला ती दिलाशाची गोष्ट म्हणून पटत नाही. टिळकांनी ते वर्ष जाणूनबुजून खर्च केलं होतं. अंगात काय कमी आहे ते ओळखून आधी ते भरून काढायचं ठरवलं होतं. पुढे केरो लक्ष्मण छत्र्यांसारख्या शिक्षकाकडे गणित शिकून ते पहिल्या वर्गात बी. ए. झाले, आणि तेच गणित १८९३ मध्ये 'ओरायन' लिहिताना, नक्षत्रांवरून वेदांचा काळ काढताना कामी आणलं. त्या गोष्टीत परीक्षेचं मोल कमी झालेलं मला कुठेच दिसत नाही. दिसतं ते हे, की कमतरतेला एक अख्खं वर्ष द्यायची त्या मुलाची तयारी होती.

दुसरा दिलासा मी स्वतःच स्वतःला देऊ पाहत होते. आमच्या इमारतीत संस्कृत महाकोशाचं काम चालतं. सुमित्र मंगेश कत्रे यांनी ते १९४८ साली सुरू केलं. ऋग्वेदापासून पुढच्या ग्रंथांतला एकेक शब्द, त्याचा प्रत्येक वापर, कागदाच्या छोट्या पट्ट्यांवर उतरवलेला. अशा जवळजवळ एक कोटी पट्ट्या कपाटांत रचून ठेवल्या आहेत. पहिला खंड यायला १९७६ साल उजाडलं, आणि काम अजून 'अ' या अक्षरातच आहे. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मला फार बरं वाटलं. इतक्या संथ कामाला मान देणाऱ्या जागेत मी आले आहे, मग माझ्या संथपणाचं काय एवढं? कोशाच्या विभागातल्या एका विद्यार्थ्याला मी हे बोलून दाखवलं. तो म्हणाला, "आमच्याकडे रोजचं काम रोज होतं. काम मोठं आहे म्हणून ते लांबलंय, हात थांबला म्हणून नाही." त्याने हे मला लागावं म्हणून म्हटलं नव्हतं. पण त्या दिवसापासून मी संथपणाला गुण म्हणायचं सोडलं. खापरापाशी मी संथ असते तेव्हा माझं काम पुढे सरकत असतं. उत्तरपत्रिकेपाशी मी संथ नसते, अडकलेली असते. या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसतात, एवढंच.

संध्याकाळी खापरं आत ठेवून मी चालायला बाहेर पडते. येरवड्यात चालायचं म्हणजे गाड्यांच्या कडेकडेने चालणं. सिग्नलला थांबलेल्या बसेस, मेट्रोचे खांब, पाव-भाजीच्या गाड्या आणि मध्येच तुरुंगाकडे वळणारा, एकाएकी शांत होणारा रस्ता. त्या भिंतीआड १९२२ ते १९२४ गांधीजी होते. शिक्षा सहा वर्षांची होती आणि त्यांनी सहा वर्षांच्या हिशेबाने अभ्यासाची आखणी केली होती. उर्दू, तमिळ, संस्कृत, महाभारत, गिबनचा रोमचा इतिहास, आणि कातणं. पन्नाशी उलटलेला माणूस मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवून विद्यार्थी झाला होता. १९२४च्या जानेवारीत अपेंडिक्सचं दुखणं उठलं, ससूनमध्ये शस्त्रक्रिया झाली आणि फेब्रुवारीत सुटका. अभ्यासक्रम अर्ध्यावर राहिला, आणि त्याची हळहळ त्यांनी नंतर लिहून ठेवली. माणूस तुरुंगातून सुटल्यावर अपुऱ्या राहिलेल्या अभ्यासासाठी हळहळतो, हे वाचल्यापासून त्या भिंतीजवळून जाताना माझी पावलं मंद होतात. त्या अभ्यासाला परीक्षक नव्हता, गुण नव्हते. तरी काय झालं आणि काय राहिलं याचा चोख हिशेब होता.

मला माझा हिशेब असाच चोख हवा आहे. म्हणून आता इनामगावाकडे यायला हवं, कारण माझ्या कमतरतेचं खरं वजन मला तिथे कळलं.

इनामगाव आमच्याच घोड नदीच्या काठचं, शिरूर तालुक्यातलं. १९६८ पासून पुढे बारा हंगाम डेक्कन कॉलेजने तिथे उत्खनन केलं. हसमुख सांकळिया, मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांच्या देखरेखीखाली. इसवीसनापूर्वी सोळाशेच्या आसपास वसलेलं आणि सातशेच्या सुमारास उठलेलं शेतकऱ्यांचं गाव. आधी चौकोनी, ऐसपैस घरं, धान्याची कोठारं, पाण्यासाठी काढलेला पाट. पुढे पाऊसमान बिघडलं आणि गोल, लहान झोपड्या आल्या. गेलेलं मूल दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखालीच पुरत. मोठ्या माणसांना पुरताना पावलं घोट्यापासून तोडलेली असत. आणि एका घराच्या अंगणात चार पायांचा, पोटासारखा फुगीर मातीचा रांजण सापडला. त्यात एक प्रौढ माणूस बसल्या अवस्थेत पुरलेला होता. संग्रहालयात पहिल्यांदा हे सगळं पाहिलं तेव्हा मी आजीला फोन केला होता. ती एवढंच म्हणाली, "लेकरू लांब न्यायला जीव झाला नसंल त्यांचा."

आजीचं ते वाक्य मला कुठल्याही सिद्धान्ताच्या तोडीचं वाटतं. पण ती ते म्हणू शकली, कारण ती मडकी कोणत्या थरात, कोणत्या घरात, जमिनीच्या किती खाली आणि कशी ठेवलेली होती, हे कुणीतरी त्या दिवशी, त्या उन्हात, खंदकाच्या काठावर बसून लिहून ठेवलं होतं. उत्खनन एकदाच होतं. वरचा थर वाचायचा असेल तर तो काढून टाकावा लागतो, आणि काढलेला थर परत घालता येत नाही. आपण वाचत जातो तसं पुस्तकाचं पान नाहीसं होत जातं. उरतात त्या वस्तू, आणि उरतं ते लिहिलेलं. वस्तू पिशवीत असते, पण ती कुठे, कशाशेजारी होती हे लिहिलं नसेल तर ती मुकी होते. माझ्या रेखाटनवहीतलं सुंदर काढलेलं मडकं म्हणजे त्या मानाने गोष्टीतलं एक पात्र. गोष्ट वेगळीच लिहावी लागते.

सांकळियांना हे विद्यार्थीदशेतच कळलं असावं. लंडनला पीएच. डी. करताना ते मॉर्टिमर व्हीलरच्या हाताखाली मेडन कासलच्या उत्खननावर काम शिकले, आणि नोंदीच्या बाबतीत व्हीलर फार कडक होता. सांकळिया १९३९ मध्ये डेक्कन कॉलेजात आले. नाशिक आणि जोर्व्याचं उत्खनन १९५०-५१ चं, त्याचा अहवाल १९५५ ला छापून तयार. नेवाशाचं काम १९५४ ते ५६ चं, ग्रंथ १९६० मध्ये. इनामगावचे जाडजूड खंड १९८८ साली आले. ग्रंथालयात ते खंड उघडले की त्यांतल्या आकृत्यांवर मी तासन्‌तास रमते. या सत्राअखेर मी पहिल्यांदा मधला मजकूर क्रमाने वाचायला घेतला. कोरडा आहे, पण एकेक वाक्य आपल्या जागी घट्ट बसलेलं आहे. असं वाक्य मला लिहिता येत नाही. वक्तृत्व किंवा इंग्रजीचा डौल या फार पुढच्या गोष्टी. थराच्या वर काय, खाली काय आणि म्हणून काय, एवढं सरळ सांगणारं वाक्य आधी यायला हवं.

इरावती कर्वेही १९३९ पासूनच डेक्कन कॉलेजात होत्या. त्यांचं 'युगान्त' घरोघरी माहीत आहे. बर्लिनमधला त्यांचा प्रबंध मात्र मला इथे आल्यावर कळला. त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. युरोपीय माणसाच्या कवटीची उजवी-डावी बाजू असमान असते, त्याचा संबंध त्याच्या श्रेष्ठ बुद्धीशी आहे, असं काहीतरी त्यांना सिद्ध झालेलं हवं होतं. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि त्यात वंशाचा काही संबंध दिसत नाही असं लिहून दिलं. फिशरनी त्यांना सगळ्यात खालची श्रेणी दिली. या गोष्टीवर मी खूप विचार करते. गुणपत्रिकेवरच्या हलक्या श्रेणीचा एक अर्थ असाही असू शकतो, हे तर आहेच. पण मला त्यातून माझी सुटका करून घ्यायची नाही, कारण माझ्या काठावरच्या गुणांमागे असलं धैर्य नाही. मला त्यांच्यातलं दुसरंच काही हवं आहे. त्यांचं मोजणं आणि लिहिणं यांच्यात दरी नव्हती. जे हाताला लागलं ते, समोरच्याला नको असतानाही, त्या परक्या भाषेत सलग लिहू शकल्या. तसं लिहिलं म्हणूनच आज आपल्याला ते माहीत आहे. आणि घरी आल्यावर 'परिपूर्ती'सारखं पुस्तक मराठीत लिहिलं तेही त्याच हाताने.

तर सध्या माझा एक रियाज चालू आहे. रोज एक खापर घ्यायचं. आधी चित्र काढायचं नाही. आधी लिहायचं, पानभर, पहिलं मराठीत. काठ कसा, रंग कोणता, भाजणी कशी, कोणत्या भांड्याचा तुकडा असावा आणि असं मला का वाटतं. यातलं 'का वाटतं' सगळ्यात जड जातं. हाताला कळलेलं कारण शब्दांत आणताना मला दरवेळी नव्याने कळतं की मी किती गोष्टी न सांगताच गृहीत धरते. मग तेच इंग्रजीत. मग ते पान पुरवणी मागणाऱ्या त्या मैत्रिणीला द्यायचं, तिने फक्त वाचून त्या भांड्याचं चित्र काढायचं. तिचं रेखाटन कच्चं आहे, त्याची तिला रुखरुख आहे, म्हणून हा सौदा दोघींच्या सोयीचा. परवा माझं पान वाचून तिने काढलेलं भांडं अगदीच भलतं निघालं. काठ बाहेरच्या बाजूला वळलाय हे मी लिहिलंच नव्हतं, कारण ते मला समोर दिसत होतं. कालचं भांडं पुष्कळ जवळ आलं. मी तिला काचेवर काठ टेकवून उजेडाची फट शोधायला शिकवते आहे, आणि ती मला वाक्य मध्येच न सोडायला.

अण्णांना मी परवा फोनवर हे सगळं सांगायचा प्रयत्न केला. खापरं, थर, लिहिण्यातली अडचण, सगळं. ते बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे सातबाऱ्यावर नोंद नसली की जमीन असून नसल्यासारखी, तसं का?" होय, अण्णा, अगदी तसं.

या हंगामात आमच्या वर्गाला उत्खननाला जायचं आहे. प्रत्येक खंदकावर कुणी मापं घेतं, कुणी खापरं निवडतं, कुणी रेखाटन करतं आणि एकाकडे खंदकाची डायरी असते. दिवसभरात जे दिसलं, जे उचललं, जे कळलं नाही, ते सगळं संध्याकाळच्या आत त्याने लिहायचं असतं. सरांनी रेखाटनाच्या यादीत माझं नाव न विचारताच घातलं होतं. मी त्यांच्याकडे जाऊन डायरी मागून घेतली आहे.